अधिकारी बाईंचा फळा

बाई गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आमच्या शिक्षकांच्या गटावर सकाळी सकाळी कुणीतरी टाकलं होतं : 'आपल्या सर्वांच्या लाडक्या, मनमिळाऊ व शांत स्वभावाच्या धर्माधीकारी मॅडम यांचे दुःखद निधन.' खाली फुलांचा हार, तेवता दिवा, आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी ते दोनदा वाचलं. आडनावात वेलांटी चुकलेली. मॅडम म्हणून कुणी हाक मारली तर बाई ओ देत नसत. आणि मनमिळाऊ, शांत? सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर एका पत्र्याखाली काढली. हे शब्द मला दुसऱ्याच कुणा बाईंचे वाटले.

मी गटावर लिहिलं, 'धर्माधिकारी. धि ऱ्हस्व. मनमिळाऊ नव्हत्या.'

पाच मिनिटांत एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?"

"खरं आहे ना?"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

बाईंचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाशी भांडण्यात गेलं. म्हणून फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

मी मूळचा सोनईचा, शेतकऱ्याघरचा. नोकरी लागली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मिरजगावहून आत जाणारी डांबरी जिथे संपते, तिथून दोन किलोमीटर चालत गेलं की लिंबवस्ती. दोन खोल्या, पुढे ओटा, पहिली ते चौथीचे वर्ग, तेवीस मुलं आणि दोन शिक्षक. त्यांतला नवा मी, आणि जुन्या म्हणजे धर्माधिकारी बाई.

मी पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा बाई स्टुलावर उभ्या राहून शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लिहीत होत्या. वर्गातल्या फळ्यापेक्षा मोठा फळा त्यांनी भिंतीवरच काळा रंग लावून केला होता, तोही गाडीवाटेकडे तोंड करून, म्हणजे बाजाराला जाणारा माणूस, दुधाची गाडी, शेळ्या घेऊन चाललेली म्हातारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा. मी नमस्कार केला. बाईंनी मागे न बघता विचारलं, "सर, अक्षर कसं आहे तुमचं?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे? रस्त्यावरून वाचता येतं का?"

मी फळ्यावरचं वाचलं. वर लिहिलं होतं, 'लिंबवस्ती शाळा. आजची बातमी.' खाली : 'पहिलीच्या सायलीने आज न रडता आईचा हात सोडला. तिसरीच्या तिघांनी विहिरीचा घेर सुतळीने मोजला. उत्तरं तीन आली. उद्या पुन्हा मोजणार.'

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, ही काय बातमी?"

तेव्हा त्या वळल्या. उंचीने इतक्या लहान की स्टुलावर उभ्या असूनही डोळे माझ्या डोळ्यांच्या थोडेच वर. घट्ट अंबाडा, खोचलेला पदर, खडूने पांढरी झालेली बोटं, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. "मग बातमी कशाला म्हणतात?"

"काहीतरी मोठं घडलं तर."

"सहा वर्षांच्या पोरीनं आईचा हात सोडला. तिच्या आयुष्यात यापेक्षा मोठं काय घडलंय आजवर?"

एवढं बोलून त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि उद्याची बातमी मी लिहायची असं सांगून टाकलं.

धर्माधिकारी हे नाव वस्तीला पेलत नव्हतं. पोरं 'धर्माधिकारी बाई' म्हणता म्हणता 'अधिकारी बाई' म्हणायला लागली होती आणि मग मोठेही तेच म्हणू लागले. तालुक्याहून कुणी नवीन माणूस आला आणि "मुख्याध्यापक कुठं आहेत?" असं विचारलं, की वस्तीवरचा कुणीही सांगे, "अधिकारी बाई आत हायेत." माणूस शर्टाची बटणं लावूनच आत जायचा. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. त्यांनी दुरुस्त न केलेली ही एकच चूक.

त्यांच्या घरचं मला फार ठाऊक नव्हतं. वडील तहसिलात कारकून होते, आजोबा गावोगाव पूजा सांगत, हे एवढं. मिरजगावात एका खोलीत एकट्या राहायच्या. स्वतःबद्दल बोलायला त्यांना वेळ नसे. वेळ सगळा त्या बातमीत जायचा.

बातमी नुसती भिंतीवर राहत नसे. शाळा सुटायच्या आधी मुलं ती वहीत उतरवून घेत. घरी जाऊन मोठ्याने वाचायची, आणि घरचे जे म्हणतील ते खाली लिहून आणायचं. पहिलीची पोरं एकच ओळ नेत, चौथीची सगळी. घरचं उत्तर सुधारायचं नाही, जसं बोलले तसं लिहायचं, हा बाईंचा नियम. मुलांच्या बातम्यांना दुसरा नियम होता : महिन्यात प्रत्येक मुलाचं नाव एकदा तरी आलंच पाहिजे, आणि लाज वाटेल असं मुलाबद्दल काही लिहायचं नाही. सगळ्या शाळांनी पालकांचे मोबाईल गट केले तेव्हा आम्हालाही करायला लावला. बाईंनी केला. पण म्हणाल्या, "फोन बापाच्या खिशात असतो सर, आणि बाप मिरजगावात. आईला बातमी कोण देणार?"

सकाळी बाई वह्या उघडून उभ्याउभ्या उत्तरं वाचायच्या. 'आय म्हनली लई भारी.' 'बाबा म्हनले जेवताना वाचू नको.' 'आजी म्हनली इहिरीजवळ पोरं कुनी नेली?' त्यावर बाई तांबड्या पेनाने लिहायच्या, 'मी नेली. दोर बांधून नेली.'

चौथीत प्रतीक्षा नावाची मुलगी होती. तिचे वडील दत्तू, आई मंगल. एक दिवस वहीत दत्तूचं उत्तर आलं : 'आमची पोरगी लई बोलाया लागली. जरा आवरा.' दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिहिलेलं : 'एका पालकांनी मुलीचं बोलणं आवरायला सांगितलं आहे. तो विषय या शाळेत शिकवला जात नाही.'

दत्तू दुपारीच आला. ओट्याच्या खाली उभा राहून म्हणाला, "बाई, समद्या वस्तीला कळलं मी त्यो."

"मी नाव लिहिलेलं नाही."

"पन कळलं की."

"मग वही घरी आहे. उत्तर बदलून पाठवा."

आठ दिवस दत्तूने तोंड फिरवून शाळेवरून ये-जा केली. नवव्या दिवशी वहीत दोनच शब्द आले : 'बोलू द्या.' बाईंनी ते वाचले, वही मिटली आणि गणिताला लागल्या. मला वाटलं होतं, निदान हसतील.

पण बाईंचा खरा दरारा बसला तो दाराच्या बातमीने. मुलींच्या मुतारीला दार नव्हतं. अर्ज करून झाले होते. एका सोमवारी मुलांच्या बातम्या लिहून झाल्यावर बाईंनी शेवटी एक ओळ घातली : 'मुलींच्या मुतारीला दार नाही. आठवडा पहिला.' पुढच्या सोमवारी 'आठवडा दुसरा'. मग तिसरा, चौथा. शेळ्या घेऊन जाणारी म्हातारी पोरांना विचारायची, "कितवा रं?" बाजाराला जाणारे आकडा बघून हसायचे. सातव्या आठवड्यात सरपंच मोटरसायकलवरून आले. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"बाई, ह्ये काय लावलंय? येनारं-जानारं वाचतंय."

"त्यासाठीच लिहिलंय."

"पुसा ते."

"खोटं असेल तर आत्ता पुसते. चला, दार आहे का बघून येऊ."

तात्या जागचे हलले नाहीत. "आवो, आमी ठराव घेतलाय."

"ठरावाआड पोरी बसत नाहीत, तात्या."

तात्यांनी गाडीला लाथ मारली आणि गेले. मी बाईंना म्हणालो, असं तोंडावर बोलायला नको होतं. बाई म्हणाल्या, "मग पाठीमागे बोलू?"

अकराव्या आठवड्यात दार आलं. कुणाच्या तरी जुन्या घराचं, वर 'शुभ लाभ' लिहिलेलं. बाईंनी लिहिलं : 'दार आलं. तात्यांचे आभार. आतून कडी नाही. आठवडा पहिला.' चार दिवसांनी तात्या स्वतः पान्हा-पेचकस घेऊन आले आणि उकिडवे बसून कडी ठोकता ठोकता पुटपुटले, "ही बाई सुखानं जगू देनार न्हाई." बाईंनी त्यांना चहा दिला. कडी तीनदा लावून बघितली.

हे वाचून कुणाला वाटेल, बाई नेहमी बरोबरच असत. तसं नव्हतं. एका हिवाळ्यात दुसरीतल्या कोमलच्या वहीत रोज उत्तराची जागा कोरी यायची. आठवडा झाला, दोन झाले. बाई चिडल्या आणि चिडक्या हाताने भिंतीवर लिहून बसल्या : 'दुसरीच्या कोमलच्या घरी बातमी कुणी ऐकत नाही.' स्वतःचाच नियम मोडला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी कोमलची आजी ओट्यावर येऊन बसली होती. डोळ्यांवर हात धरून, आवाजाच्या रोखाने बघणारी. म्हणाली, "बाई, ऐकते मी. रोज ऐकते. पोरगी वाचती, मी ऐकते. पन तिला लिवाया मी काय सांगू? मला काय बोलाया येतंय त्यातलं? मायबाप तिची उसाला गेलेत. घरात आमी दोघीच हाव."

बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मग उठून त्यांनी कालची बातमी पुसली आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं : 'कालची कोमलच्या घरची बातमी खोटी होती. तिची आजी रोज बातमी ऐकते. चूक माझी. धर्माधिकारी.' पुढे दोन दिवस दुसरी कुठलीही बातमी त्यांनी वर चढवली नाही. दुधाची गाडी, बाजाराला जाणारे, तात्या, सगळ्यांनी ती वाचली. तात्यांनी तर मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. बाई म्हणाल्या, "नीट काढा, सही आली पाहिजे."

त्या शनिवारपासून शाळा सुटली की बाई कोमलच्या घरी जाऊन बसायच्या. आजीला विचारायच्या, "आज काय सांगायचंय?" आणि आजी सांगायला लागली की थांबायची नाही. कोमलला लिहिता लिहिता पानं पुरायची नाहीत.

वरच्या कार्यालयाशी बाईंचं कधी जमलं नाही. तिकडून निरोप यायचे, अमुक उपक्रम घ्या, तमुक मेळावा घ्या, फोटो पाठवा. एकदा मातापालक मेळाव्याचं फर्मान नेमकं कांदे काढायच्या दिवसांत आलं. इतर शाळांनी चार आया गोळा करून, मागे फलक लावून फोटो पाठवले. बाई पोरांना घेऊन कांद्याच्या वावरात गेल्या. पोरांनी बांधावर उभं राहून बातमी वाचली, आयांनी वाकल्या वाकल्या ऐकली, मधेच कुणी ओरडून विचारलं, कुणी हसलं. बाईंनी अहवाल पाठवला : 'मेळावा वावरात झाला. सगळ्या आया हजर. फोटो नाही, कारण सगळ्यांचे हात कामात होते.' वरून फोन आला. बाई म्हणाल्या, "मेळावा हवाय की फोटो? एक काय ते सांगा." पलीकडून फोन ठेवला गेला.

मी आलो त्याच्या सहाव्या वर्षी पट सतरावर आला. वस्तीवरची काही घरं मिरजगावात राहायला गेली होती. मग एक दिवस एक साहेब आले. आमची शाळा हायवेच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायचा विचार चालला होता. चार किलोमीटर अंतर, मधे हायवे. मुलांना न्यायला-आणायला गाडी येणार, असं वस्तीवर बोललं जात होतं. साहेबांनी सतरा छापील कागद बाईंपुढे ठेवले. "पालकांच्या सह्या घेऊन ठेवा. चार दिवसांनी मी येतोच. आणि फार काही समजावत बसू नका, उगाच घाबरतात लोक."

"बरं," बाई म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून वरच्या माणसाला 'बरं' मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तशी बाईंनी डस्टर उचललं, बाहेरचा फळा पुसला, स्टूल ओढलं आणि तो सगळा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत जसाच्या तसा भिंतीवर उतरवला. 'आम्ही खाली सही करणारे पालक स्वेच्छेने आमच्या पाल्यांना...' इथपासून 'आमची कोणतीही तक्रार नाही' इथपर्यंत. स्वतःच्या मनाचं एक अक्षर घातलं नाही. खाली नेहमीप्रमाणे : 'घरी वाचून दाखवणे. उत्तर आणणे.'

मी म्हणालो, "बाई, नोटीस येईल."

"मी माझा एक शब्द लिहिलेला नाही."

"तरी येईल."

"आली तर तीही वाचू."

सकाळी वह्या आल्या. 'आय इचारती गाडी येनार हे कुठं लिवलंय?' 'आजी म्हनली हायवे कोन वलांडून देनार?' 'बाबा म्हनले सही करू, मोटी शाळा चांगली.' 'आय म्हनली स्वेच्छेने म्हंजी काय?' हे शेवटचं प्रतीक्षाच्या घरचं. ती पाचवीला गेली होती, पण धाकट्या भावाची वही तीच लिहायची. बाईंनी सगळी उत्तरं वाचली. 'सही करू' म्हणणाऱ्यालाही तांबड्या पेनाने एवढंच लिहिलं, 'तुमचा हक्क आहे.' आणि प्रतीक्षाच्या घरच्या वहीत लिहिलं, 'स्वेच्छेने म्हणजे आपल्या मनाने.'

ठरल्या दिवशी साहेब आले. ओट्यावर दोन खुर्च्या, एकीत साहेब, एकीत तात्या. पालक खाली. साहेब चांगलं बोलले. मोठ्या शाळेत संगणक आहे, मैदान आहे, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे, हे सगळं खरंच होतं. गाडीही येईल, म्हणाले. मग टेबलावर कागद मांडले आणि शेजारी शाईचं पॅड उघडलं. पहिलं नाव मंगलचं निघालं.

मंगल शाळेत गेलेली नव्हती. बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे अंगठा. साहेबांनी पॅड पुढे सरकवलं. "या ताई, अंगठा द्या."

मंगलने कागद उचलला. म्हणाली, "वाचते आदी."

मागून कुणीतरी हसलं. दत्तू म्हणाला, "आगं, तुला कुठं..." आणि गप्प झाला, कारण मंगल तिथेच खाली बसली होती. कागद गुडघ्यावर, बोट पहिल्या अक्षराखाली. पाच वर्षं चुलीपुढे बसून तिने पोरीची वही ऐकली होती. ऐकता ऐकता बघितलीही होती, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"आ... म्ही. आम्ही. खा... ली..."

साहेब हसून म्हणाले, "द्या ताई, मी वाचून दाखवतो."

मंगलने वर बघितलं. "तुमचं वाचून झालंय, सायेब. माजं ऱ्हायलंय."

आणि ती पुन्हा खाली वाकली. एकेक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी. 'स्वेच्छेने'पाशी बोट अडलं. "स्वे... स्वे..." प्रतीक्षा त्या दिवशी शाळा बुडवून आली होती. तिचे ओठ हलले. बाईंनी भिंतीपाशी उभ्या राहूनच तिच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. कुणी सांगायचं नाही. सगळा ओटा त्या एका शब्दापाशी थांबला. तात्यांचा फोन वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला. "स्वे... च्... छे... स्वेच्छेने," मंगल म्हणाली, आणि पुढे निघाली.

शेवटच्या ओळीपर्यंत गेली. किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं नाही. साहेबांनी मात्र दोनदा बघितलं.

मग ती उठली. "हितं लिवलंय, आमची कोणतीही तक्रार नाही. तक्रार हाय की! गाडी कागदावर न्हाई. पोरांस्नी हायवे कोन वलांडून देनार त्ये न्हाई. आन् स्वेच्छेने म्हंजी माज्या मनानं. माज्या मनात न्हाई." तिने कागद घडी न घालता साहेबांपुढे ठेवला. पॅडला हात लावला नाही.

त्यानंतर बायका एकेक करून उठल्या. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण प्रत्येकीने आपल्या पोराला पुढे घेतलं आणि म्हणाली, "वाच." चौघांनी विचार करून सह्या केल्या, त्यांना कुणी काही बोललं नाही. तेरा कागद कोरे राहिले. साहेब तात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "गाडीचं कागदावर आना सायेब, मंग बगू."

या सगळ्या वेळात बाईंनी एक शब्द उच्चारला नव्हता. साहेब गेल्यावर त्यांनी मूठ उघडली तेव्हा आत खडूचा भुगा होता.

नोटीस आली. कार्यालयीन कागद सार्वजनिक ठिकाणी प्रसिद्ध केल्याबाबत खुलासा करावा. बाईंनी ती खरंच चौथीला शुद्धलेखनाला घातली. मुलांनी तीत चार चुका काढल्या. बाईंनी त्या तांबड्या पेनाने दुरुस्त करून नोटीस परत पाठवली आणि सोबत खुलासा जोडला : 'मजकूर खरा आहे. मी तो फळ्यावर लिहिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.' मी हातापाया पडलो, शेवटचं वाक्य तरी काढा. त्या म्हणाल्या, "मग खुलासा अर्धाच राहील ना, सर."

शाळा बंद झाली नाही, आजही भरते. बाईंची मात्र बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव, थेट अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. वस्ती खवळली. दत्तू आणि तात्या, दोघे मिळून शाळेला टाळं ठोकायला निघाले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "शाळेला कुलूप लावून शाळा वाचवणार? माझ्यापायी एक तास बुडाला तर याद राखा."

"बाई, तुमच्यावर अन्याव झालाय," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"झालाय. माझं मी बघीन. डोंगरात काय पोरं नसतात?"

निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी पाचपर्यंत शिकवलं, पिशवी उचलली, बाहेर येऊन माझ्या अक्षरातली बातमी वाचली आणि म्हणाल्या, "सर, अजून रस्त्यावरून वाचता येत नाही. मोठं लिहा." मग निघाल्या. पोरं डांबरीपर्यंत त्यांच्यामागे गेली. मी ओट्यावरच उभा राहिलो. तिथपर्यंत जायला मला जमलं नाही, आणि ते अजून खुपतं.

त्यानंतर मी बाईंना एकदाच पाहिलं. दोन वर्षांनी, थंडीत. आमच्याकडे यात्रेची स्थानिक सुट्टी होती, शनिवार-रविवार जोडून मी बायको आणि मुलीला घेऊन भंडारदऱ्याला निघालो होतो. सकाळची बस, आत फिरायला निघालेली माणसं खच्चून. घाटातल्या एका वळणावर बस इतकी जोरात थांबली की उभी माणसं एकमेकांवर आदळली. ड्रायव्हर हॉर्न दाबून धरून ओरडला, "आवो बाई, मरायचंय का?"

"मरायचं नाही. बस थांबवायची आहे."

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या बरोबर मधोमध बाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, अंग आणखी लहान झालेलं. मागे दप्तरं घेतलेल्या सहा मुली.

"जागा न्हाई," कंडक्टर म्हणाला. "मागची येतीय."

"मागचीही अशीच निघून जाते. या माझ्या शाळेतून पुढच्या मोठ्या शाळेत गेलेल्या मुली आहेत. पास आहेत त्यांच्याकडे. रोज दुसरा तास संपतो तेव्हा पोचतात. आज पहिल्या तासाला बसणार."

आतून कुणीतरी ओरडलं, "अहो काकू, आमचा वेळ जातोय!" बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मला राहवेना. मी हाक मारली, "बाई!"

त्यांनी मान वळवून पाहिलं. ओळखलं. क्षणभर चेहरा मऊ झाला, इतका की मला वाटलं आता विचारतील, कसे आहात, वस्ती कशी आहे.

"सर," बाई म्हणाल्या, "उठा. त्या धाकटीला बसू द्या."

मी उठलो. माझ्याबरोबर आणखी दोघं-तिघं उठले. मुली एकेक करून चढल्या. सहावीचा पाय पायरीवर पडेपर्यंत बाई रस्त्यातून हटल्या नाहीत. मग बाजूला झाल्या, आणि बस निघाली. मी माणसांमधून वाट काढत मागच्या काचेपाशी गेलो. हात हलवायला म्हणून वर केला. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या डाव्या तळहातावर पेनाने आमच्या बसचा नंबर लिहून घेत होत्या.